पाद्री, उलेमा आणि अबुल फजल: अकबराच्या दरबारात ख्रिस्ती आणि मुस्लिम श्रद्धांची तुलना कशी झाली? वाशीमशी त्याचं नातं काय?

वाशीम शहरात नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. त्याच जिल्ह्यात मंगरुळपीरला हजरत हयात कलंदर यांचा दर्गा आहे. एका ठिकाणी येशू ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना होते. दुसऱ्या ठिकाणी येणारी माणसं त्याच येशूला हजरत ईसा म्हणतात आणि त्यांचं नाव आदराने घेतात. व्यक्ती एकच, पण तिच्याबद्दलच्या श्रद्धा दोन.

या दोन श्रद्धांमध्ये सारखं काय आणि वेगळं काय? हा प्रश्न सुमारे ४४५ वर्षांपूर्वी फतेहपूर सिक्रीला बादशहासमोर विचारला गेला होता. गोव्याहून आलेले पाद्री एका बाजूला, दरबारातले उलेमा दुसऱ्या बाजूला, आणि मधे होता २९ वर्षांचा एक तरुण विद्वान. त्याचं नाव अबुल फजल.

हाच अबुल फजल पुढे वऱ्हाडात आला. त्याच्या ग्रंथात वाशीमची नोंद बासिम या नावाने आहे. शाळेच्या पुस्तकात नवरत्नांच्या यादीत एका ओळीत संपणारा हा माणूस नेमका कोण होता, त्या वादसभेत काय घडलं आणि त्याचा शेवट कसा झाला? समजून घेऊ.

कोण होता अबुल फजल?

अबुल फजलचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्र्यात झाला. वडील शेख मुबारक हे मूळचे राजस्थानातल्या नागौरचे. आग्र्यात ते विद्यार्थ्यांना शिकवत. थोरला भाऊ फैजी पुढे अकबराच्या दरबारातला नामवंत फारसी कवी झाला.

घरात पैसा फार नव्हता, पुस्तकं मात्र होती. अबुल फजल लहान वयातच अरबी शिकला आणि विशीच्या आत स्वतः शिकवू लागला. ही झाली चांगली बाजू.

दुसरी बाजू भीतीची होती. शेख मुबारक यांचे विचार त्या काळच्या बड्या उलेमांना पटत नव्हते. त्यांच्यावर मेहदवी पंथाचे समर्थक असल्याचा ठपका आला. त्या काळात असा ठपका म्हणजे नुसती बदनामी नव्हती, जिवावर बेतायचं. मखदूम-उल-मुल्क ही पदवी असलेले अब्दुल्ला सुलतानपुरी आणि सद्र शेख अब्दुन नबी हे दोन ताकदवान धर्माधिकारी या कुटुंबाच्या मागे लागले. बाप आणि मुलं काही काळ लपून राहिली. आज या घरी, उद्या त्या घरी. आसरा देणारे ओळखीचे लोकही घाबरून दार लावून घ्यायचे.

अबुल फजल तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पुढे धर्माच्या प्रश्नावर त्याने जी भूमिका घेतली, तिची मुळं या दिवसांत आहेत. आपल्याहून वेगळा विचार करणारा माणूस लगेच गुन्हेगार ठरतो, हे त्याने पुस्तकात वाचलं नव्हतं. घरात भोगलं होतं.

पुढे मध्यस्थी झाली आणि कुटुंबावरचं संकट टळलं. १५७४ मध्ये अबुल फजल दरबारात आला. बादशहाला भेट म्हणून त्याने सोनंनाणं आणलं नाही. कुराणातल्या आयतुल कुर्सी या प्रसिद्ध आयतीवर स्वतः लिहिलेलं भाष्य त्याने सादर केलं.

इबादतखाना म्हणजे काय?

१५७५ मध्ये अकबराने फतेहपूर सिक्रीला इबादतखाना बांधला. शब्दशः अर्थ प्रार्थनेचं घर. प्रत्यक्षात ते चर्चेचं सभागृह होतं. गुरुवारी रात्री तिथे बैठक बसायची.

सुरुवातीला फक्त मुस्लिम विद्वानांना बोलावणं होतं. पहिला वाद धर्मावर झालाच नाही, तो झाला कोणी कुठे बसायचं यावर. त्यामुळे उमराव, सय्यद, उलेमा आणि शेख यांना चार वेगवेगळ्या बाजू वाटून द्याव्या लागल्या. मग मुद्द्यांवर वाद सुरू झाला. माणसाने किती बायका कराव्यात, यावरही एकमत होईना. एक विद्वान दुसऱ्याला भर सभेत अज्ञानी ठरवायचा. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगितलं जातं, पण तो ऐकायचा आणि लक्षात ठेवायचा. एकाच धर्माचे जाणकार एका प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरं देतात, हे पाहून त्याचा त्यांच्यावरचा विश्वास ढळला.

१५७८ च्या सुमारास दारं सर्वांना उघडली. ब्राह्मण, जैन मुनी, पारशी दस्तूर, ख्रिस्ती पाद्री असे सगळे येऊ लागले. नवसारीचे दस्तूर मेहेरजी राणा आणि जैन आचार्य हीरविजयसूरी ही दरबारात आलेल्यांतली मोठी नावं.

१५७९ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट घडली. उलेमांमध्ये मतभेद झाले तर त्यांतलं एक मत निवडण्याचा अधिकार बादशहाला देणारा महजर, म्हणजे जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा लिहिला होता शेख मुबारक यांनी. ज्या माणसाला कधीकाळी लपावं लागलं होतं, त्याच्या मसुद्यावर आता त्याच्या विरोधकांना सह्या कराव्या लागल्या.

गोव्याचे पाद्री तिथे कसे पोहोचले?

अकबराने गोव्याला दूत पाठवला आणि धर्मग्रंथ घेऊन दोन विद्वान पाद्री पाठवा, अशी मागणी केली. पोर्तुगीजांना ही मोठी संधी वाटली. बादशहा ख्रिस्ती झाला तर हिंदुस्तानच बदलेल, असा त्यांचा हिशेब होता.

१७ नोव्हेंबर १५७९ रोजी तिघे जेझुइट गोव्याहून निघाले.

• रुडॉल्फ अक्वाविवा: इटलीतल्या ड्यूकचा मुलगा, मोहिमेचा प्रमुख.
• अँटोनी मोन्सेराते: स्पेनमधल्या कॅटलोनियाचा, रोज टिपणं ठेवणारा. त्याच्यामुळेच आपल्याला या दरबाराचं बाहेरच्या नजरेतून वर्णन मिळतं.
• फ्रान्सिस हेन्रिक्स: होर्मुझचा, धर्मांतरित ख्रिस्ती. फारसी त्याची मातृभाषा, म्हणून तो दुभाषी.

इथे मराठी वाचकांसाठी एक योगायोग. हे तिघे गोवा सोडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. तो म्हणजे थॉमस स्टीफन्स, ज्याने पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. त्याचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

फेब्रुवारी १५८० च्या शेवटी अक्वाविवा फतेहपूर सिक्रीला पोहोचला. आजारी पडल्यामुळे मोन्सेराते काही दिवस मागे राहिला होता. पाद्रींनी अकबराला अनेक भाषांत छापलेलं बायबल भेट दिलं. अकबराने ते आदराने स्वीकारलं आणि खंड डोक्याला लावले. पाद्रींना वाटलं, अर्धं काम झालं. पण अकबर प्रत्येक धर्माच्या पवित्र ग्रंथाचा असाच मान राखायचा, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

अबुल फजल आणि अक्वाविवा हे दोघेही तेव्हा २९ वर्षांचे होते. एकाचा जन्म ऑक्टोबर १५५० चा, दुसऱ्याचा जानेवारी १५५१ चा. एक उपास-तापास करणारा संन्यस्त, दुसरा दरबारात झपाट्याने वर चढणारा विद्वान. तरी दोघांचं जमलं. पाद्रींना फारसी शिकायला अबुल फजलने मदत केली. अकबराने त्याला बायबलच्या शुभवर्तमानाचं फारसी भाषांतर करण्याचं कामही सांगितलं. आणि दहाएक वर्षांचा शहजादा मुराद मोन्सेरातेकडे पोर्तुगीज भाषा आणि ख्रिस्ती धर्माचे धडे घेऊ लागला.

मुरादचं नाव लक्षात ठेवा. वऱ्हाडचा धागा त्याच्याशीच जुळतो.

वाद नेमका कशावर होता?

दोन धर्मांत सगळंच वेगळं असतं तर वाद सोपा झाला असता. इथे अडचण उलटी होती. पात्रं बरीचशी तीच होती: आदम, नूह, इब्राहिम, मूसा, मरियम, ईसा. त्यामुळे फरक नेमका कुठे सुरू होतो, हे शोधावं लागत होतं. या दोन श्रद्धांमधले मुख्य मुद्दे असे आहेत:

• देव एक, पण कसा? दोन्ही धर्म एकच देव मानतात. ख्रिस्ती श्रद्धेत त्या एका देवाचं स्वरूप पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य आहे. इस्लाममध्ये तौहीद, म्हणजे अल्लाहचं निर्भेळ एकत्व, हा पाया आहे. त्याला पुत्र असणं किंवा त्याच्यासोबत कोणाला सहभागी मानणं हे इस्लामला मान्य नाही.

• येशू कोण? ख्रिस्ती माणसासाठी येशू देवाचा पुत्र आणि तारणारा आहे. मुस्लिमांसाठी ईसा हे मोठे पैगंबर आहेत. त्यांचे चमत्कार कुराणातही येतात. आंधळ्याला दृष्टी देणं, मेलेल्याला उठवणं हे सगळं आहे, पण अल्लाहच्या परवानगीने. त्यांना मसीह ही पदवीही आहे. मात्र ते माणूसच आहेत.

• मरियम: इथे दोन्ही धर्म एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. कुमारी मरियमच्या पोटी येशूचा जन्म झाला, हे दोघंही मानतात. कुराणाचा १९ वा सूरह तिच्या नावाने आहे, आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. पाद्रींनी मरियमचं चित्र मांडलं तेव्हा दरबारातले लोक ते आदराने पाहायला आले. मतभेद होता तो चित्रापुढे प्रार्थना करण्याबद्दल.

• क्रूस: ख्रिस्ती श्रद्धेचा हा गाभा. येशू क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. कुराणानुसार ईसांना क्रूसावर मारलं गेलं नाही, लोकांना तसा भास झाला आणि अल्लाहने त्यांना वर उचलून घेतलं. दोन्ही धर्मांतली सर्वांत सरळ तफावत हीच आहे.

• पाप आणि सुटका: ख्रिस्ती मतानुसार आदमच्या पापाचा वारसा माणसाला मिळाला आणि येशूच्या बलिदानाने सुटकेची वाट खुली झाली. इस्लाममध्ये आदमला क्षमा झाली, पाप वारशाने येत नाही, आणि प्रत्येकाचा हिशेब त्याच्या श्रद्धेवर व कर्मावर होतो.

• ग्रंथ: मुस्लिम तौरात, जबूर आणि इंजील हे आसमानी ग्रंथ मानतात, पण आज हाती असलेल्या मजकुरात बदल झाले आहेत असं बहुतेकांचं मत आहे. ख्रिस्ती माणसाला हे मान्य नाही. उलट कुराण हा दैवी ग्रंथ आहे, हे त्याला मान्य नाही.

• शेवटचा दिवस: न्यायाचा दिवस येणार आणि त्याआधी येशू पुन्हा पृथ्वीवर येणार, ही श्रद्धा दोन्हीकडे आहे. तो येऊन काय करणार, याबद्दलचं चित्र वेगळं आहे.

एक गोष्ट नेहमी निसटते. आपण सहज तुलना करतो ती येशू आणि मोहम्मद पैगंबर यांची, किंवा बायबल आणि कुराण यांची. पण श्रद्धेतली जागा पाहिली तर जोड्या वेगळ्या लागतात. ख्रिस्ती माणसासाठी देवाचा शब्द म्हणजे स्वतः येशू. मुस्लिमासाठी देवाचा शब्द म्हणजे कुराण. म्हणजे येशूची ख्रिस्ती धर्मातली जागा इस्लाममध्ये कुराणाजवळ जाते. तुलनेचा तक्ता करताना रकानेच चुकले, तर आकडे बरोबर भरूनही उत्तर चुकतं. इबादतखान्यातही बऱ्याचदा हेच झालं. दोन्ही बाजू समोरच्याच्या श्रद्धेला आपल्या रकान्यात बसवू पाहत होत्या.

अग्निपरीक्षेचं काय झालं? घटना एक, वृत्तांत तीन

वाद मिटेना, तेव्हा एक भलतीच सूचना पुढे आली. एकाने बायबल आणि दुसऱ्याने कुराण हातात घेऊन पेटत्या आगीत शिरायचं. जो सहीसलामत बाहेर येईल त्याचा धर्म खरा.

सूचना कोणी केली आणि माघार कोणी घेतली? इथे तीन समकालीन माणसं तीन गोष्टी सांगतात.

अबुल फजलच्या ‘अकबरनामा’त पाद्री स्वतःहून आगीत शिरायला तयार होतो आणि उलेमा कच खातात. मोन्सेरातेच्या टिपणांत पाद्री नकार देतात, कारण चमत्कार मागून देवाची परीक्षा पाहणं त्यांच्या धर्मात बसत नाही. तिसरा साक्षीदार अब्दुल कादिर बदायुनी. तो सांगतो की आव्हान एका मुस्लिम फकिराने दिलं आणि घाबरले ते फिरंगी.

बदायुनी हा अबुल फजलचाच सहाध्यायी. दोघंही शेख मुबारक यांचे विद्यार्थी आणि दरबारातही जवळपास एकाच वेळी आलेले. पण अकबराच्या धार्मिक प्रयोगांचा बदायुनीला संताप यायचा. तो गुपचूप आपला इतिहास लिहीत राहिला आणि तो ग्रंथ अकबराच्या मृत्यूनंतर बाहेर आला.

तिघंही विद्वान, तिघांनाही दरबाराची आतून माहिती. तरी प्रत्येकाच्या गोष्टीत घाबरणारा माणूस त्याच्या नावडत्या बाजूचा आहे, किंवा निदान आपली बाजू मान खाली घालत नाही. अबुल फजलही याला अपवाद नाही. ज्या उलेमांनी त्याच्या बापाला दारोदार फिरवलं, ते त्याच्या लेखणीतून भित्रे होऊन उतरले.

आग पेटली नाही, एवढं मात्र नक्की.

मग अबुल फजल कोणत्या बाजूचा होता?

पाद्रींना काही काळ वाटलं, हा आपल्याकडे झुकतोय. उलेमांना वाटलं, याने इस्लाम सोडला. अबुल फजल ख्रिस्ती झाला नाही. १५८२ च्या सुमारास अकबराने आपल्या निवडक शिष्यांचा जो पंथ सुरू केला, जो पुढे दीन-ए-इलाही म्हणून ओळखला गेला, त्याचा मात्र तो मोठा आधार होता. पण या शिष्यांची संख्या फारच थोडी राहिली.

त्याची खरी भूमिका ‘आईन-ए-अकबरी’त दिसते. त्यात त्याने हिंदूंची दर्शनं, जैनांची मतं, सण, संस्कार असा मोठा भाग लिहिला. इतर धर्मांविषयी लोकांच्या मनात वैर का येतं, याची कारणंही त्याने मांडली. एकमेकांच्या भाषा येत नाहीत. मूळ ग्रंथांपर्यंत कोणी जात नाही. बापजाद्यांकडून ऐकलेलं तपासायचं नाही, ही सवय जाते जात नाही. आणि मोकळेपणाने बोलायला जागाच नसते. महाभारताच्या फारसी भाषांतराला, म्हणजे ‘रज्मनामा’ला, त्याने प्रस्तावना लिहिली ती याच समजुतीने.

पण त्याला संत करून चालणार नाही. बादशहाची स्तुती करताना त्याची लेखणी सैल सुटायची. आणि सत्ता हाती आल्यावर जुने हिशेबही निघाले. मखदूम-उल-मुल्क आणि अब्दुन नबी या दोघांना मक्केला धाडण्यात आलं. परत आल्यावर अब्दुन नबीचा मृत्यू कैदेत झाला. त्याची जबाबदारी अबुल फजलकडे होती, आणि या मृत्यूत त्याचा हात असल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. सहिष्णुतेवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाच्या चरित्रातलं हे पान झाकता येत नाही.

पाद्रींच्या वाट्याला काय आलं?

अकबर बाप्तिस्मा घेत नाही, हे हळूहळू स्पष्ट झालं. देव एक आणि तीनही कसा, हे त्याला पटेना. एकच बायको ठेवायची ही अटही त्याला मान्य होणं शक्य नव्हतं. १५८३ मध्ये अक्वाविवा गोव्याला परतला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, जुलै १५८३ मध्ये, सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात त्याचा चार सहकाऱ्यांसह जीव गेला. तिथली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती आणि आता चर्चसाठी जागा बघायला पाद्री आले होते. गावकऱ्यांचा उद्रेक झाला. पाद्रींचे मृतदेह मिळवून त्यांचं दफन करण्यात पुढाकार होता थॉमस स्टीफन्सचा. पुढे पोर्तुगीजांनी बोलणी करण्याच्या निमित्ताने कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं.

इथे थांबून विचार करावा लागतो. फतेहपूर सिक्रीला याच पाद्रींना बादशहाच्या तोंडावर त्याच्या धर्मातल्या चुका सांगायची मुभा होती. त्याच काळात गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालू होतं आणि तिथल्या हिंदूंना आपली देवळं राखता येत नव्हती. वादसभेत बसलेला अक्वाविवा आणि कुंकळ्ळीत मारला गेलेला अक्वाविवा हा एकच माणूस. फरक माणसात नव्हता. एका ठिकाणी तो पाहुणा म्हणून बोलत होता, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पाठीशी सत्ता होती.

पाद्रींचं येणं मात्र थांबलं नाही. १५९५ मध्ये जेरोम झेवियर दरबारात आला. त्याने अकबरासाठी फारसीत येशूचं चरित्र लिहिलं, ते १६०२ मध्ये पूर्ण झालं.

वऱ्हाड आणि वाशीमशी संबंध काय?

१५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने तह करून वऱ्हाड मुघलांना दिलं. हा प्रांत सांभाळायला आला शहजादा मुराद. मोन्सेरातेकडे पोर्तुगीज गिरवणारा तोच मुलगा, आता पंचविशी ओलांडलेला. त्याने बाळापूरजवळ शाहपूर वसवून तिथे मुक्काम ठेवला. आजच्या अकोला जिल्ह्यातलं हे ठिकाण. आणि वाशीमही १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होतं.

मुरादला दारूने पोखरलं होतं. त्याला परत आणण्यासाठी अकबराने १५९९ मध्ये अबुल फजलला दख्खनला पाठवलं. आयुष्यभर लेखणी चालवलेला हा माणूस वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या मोहिमेवर निघाला. तो छावणीत पोहोचला आणि त्याच सुमारास, मे १५९९ मध्ये, मुराद मेला. तो तिशीचाही नव्हता. सैन्य पांगायच्या बेतात होतं. अबुल फजलने शहजाद्याचा मृतदेह शाहपूरला पाठवला, सैनिकांचे पगार भागवले आणि फौज एकत्र ठेवली.

त्याच्या छावणीबद्दल एक गोष्ट जुन्या चरित्रकोशात सांगितली आहे. तिथे दिवसभर खिचडी शिजत असे आणि जो येईल त्याला वाढली जाई. तो स्वतः रोज २२ शेर अन्न खायचा, असंही त्यात आहे. पहिली गोष्ट पटण्यासारखी आहे, दुसरीबद्दल वाचकांनी आपापलं ठरवावं.

‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. वर्धा नदीच्या तटावरून या प्रांताला वर्धातट म्हणत, असं त्यात दिलं आहे. लोणारचं सरोवर आणि त्याचं पावित्र्य येतं. आणि सुभ्याच्या विभागांत बासिम सरकार, म्हणजे आपलं वाशीम येतं. तेव्हाचं सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा. वाशीम भागातल्या हटकरांचं वर्णन मानी आणि सहजी न वाकणारे असं आहे.

महसूल, परगणे, माणसं, देवस्थानं सगळं एका रांगेत. ज्या शिस्तीने त्याने वेगवेगळी मतं लिहून ठेवली, त्याच शिस्तीने प्रांतही.

शेवट कसा झाला?

दरम्यान थोरला शहजादा सलीम अलाहाबादला बंड करून बसला होता. अकबराने विश्वासाचा माणूस म्हणून अबुल फजलला दख्खनहून तातडीने बोलावलं. तो आला तर बापाचं मन आपल्याविरुद्ध आणखी कलुषित करेल, अशी भीती सलीमला वाटली. त्याने ओरछ्याच्या वीरसिंहदेव बुंदेल्याला गाठलं.

वाटेत दगा आहे, अशी सूचना अबुल फजलला मिळाली होती. दुसऱ्या वाटेने जा, असंही सोबतच्यांनी सुचवलं. त्याने ऐकलं नाही. १२ ऑगस्ट १६०२ रोजी ग्वाल्हेरजवळ आंतरीच्या वाटेवर त्याला गाठून मारलं आणि शिर कापून सलीमकडे अलाहाबादला पाठवलं. वय ५१. त्याची कबर आंतरीला आहे.

तीन वर्षांनी सलीम जहांगीर बादशहा झाला. हा खून आपणच करवला, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात लपवलं नाही. आणि गंमत अशी की अबुल फजलचा मुलगा अब्दुर रहमान त्याच जहांगीरच्या नोकरीत राहिला आणि बिहारचा सुभेदारही झाला.

थोडक्यात, ज्या माणसाला धर्मबाह्य ठरवून कितीतरी लोक संपवू पाहत होते, तो मेला गादीच्या भांडणात. धर्माच्या वादात त्याच्या अंगाला आग लागली नाही.

आज यातून काय घ्यायचं?

फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर फारसीत एक मजकूर कोरलेला आहे. त्यात येशूच्या नावाने सांगितलेलं एक वचन आहे, जगाला पुलाची उपमा देणारं: पुलावरून पार जावं, त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय. हे वचन बायबलमध्ये सापडत नाही. ते मुस्लिम परंपरेतून आलेलं आहे. म्हणजे मशिदीच्या दारावर येशूचं नाव, आणि तेही मुस्लिमांनी जपून ठेवलेल्या आठवणीतून. दोन श्रद्धांची सरमिसळ आणि त्यांच्यातलं अंतर, दोन्ही त्या एका दगडावर दिसतं.

इबादतखान्यातल्या वादाचा निकाल लागला नाही. पाद्री पाद्रीच राहिले, उलेमा उलेमाच राहिले. त्रैक्य आणि तौहीद यांच्यात मधला आकडा निघत नाही, क्रूसाच्या प्रश्नालाही दोन्ही बाजूंना चालेल असं उत्तर नाही. फरक खरा आहे. सगळे धर्म एकच सांगतात, असं म्हणून तो पुसला तर दोघांवरही अन्याय होतो.

पण फरक माहीत असणं आणि फरकाची भीती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अबुल फजलने दिलेल्या कारणांच्या यादीतली भाषेची अडचण आज बऱ्याच अंशी संपली आहे. बायबल मराठीत आहे, कुराणाची मराठी भाषांतरं आहेत, दोन्ही मोबाईलवर मिळतात. ऐकीव गोष्ट न तपासता पुढे ढकलण्याची सवय मात्र तशीच आहे. फक्त आता ती एका बोटावर आली आहे.

तेव्हा शेजाऱ्याच्या धर्माबद्दल एखादा मेसेज पुढे पाठवण्याआधी एक साधी तपासणी करून बघा. त्यात जे लिहिलंय ते वाचून तो शेजारी म्हणेल का, की हो, आम्ही असंच मानतो? वाशीमसारख्या जिल्ह्यात त्याला विचारायला गोवा किंवा फतेहपूर सिक्री गाठावी लागत नाही. तो बहुधा त्याच गल्लीत राहतो.